शिष्येचे मोजमाप आणि संचालकांचा जुना निष्कर्ष

पत्राचा सारांश : लठ्ठपणावर संशोधन करणाऱ्या एका जैववैद्यकीय केंद्राचा मी चार वर्षांपासून संचालक आहे. दहा वर्षांपूर्वी माझ्या प्रयोगशाळेने दाखवले होते की, एक विशिष्ट जनुक काढून टाकलेले उंदीर लठ्ठ होतात आणि त्याचे कारण म्हणजे त्यांचे शरीर ऊर्जा कमी खर्च करते. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे आम्ही हा खर्च दर ग्रॅम वजनामागे काढला होता. केंद्राचे मुख्य अनुदान याच निष्कर्षावर उभे आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज आठ महिन्यांनी द्यायचा आहे. मी स्वतः निवडलेल्या एका तरुण संशोधिकेने त्याच जातीच्या उंदरांचे मोजमाप नव्याने केले. त्यांच्या मते ऊर्जाखर्चात फरक नाहीच. हे उंदीर नुसते जास्त खातात. त्यांना हे लगेच प्रसिद्ध करायचे आहे. अर्ज मंजूर होईपर्यंत थांबा, असे मी सांगितले तर चूक ठरेल का? शिवाय केंद्रातील सहा तरुणांपैकी एकालाही अजून स्वतःचे अनुदान मिळालेले नाही. एक जण दुसरीकडे निघाला आहे आणि त्याला उंदीर व नोंदी सोबत न्यायच्या आहेत. माझा दिवस बैठकांत आणि सह्यांत जातो. अशात मार्गदर्शन करायचे ते कसे?

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तुमचे उरलेले सगळे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. अर्ज मंजूर होईपर्यंत थांबा, असे त्यांना सांगू नका. तसे सांगितल्यास, ज्या निष्कर्षाच्या आधारावर आपण पैसे मागत आहोत तो डळमळीत असू शकतो हे ठाऊक असूनही आपण ते अनुदान देणाऱ्यांना कळू दिले नाही, अशी तुमची स्थिती होईल. आणि ही गोष्ट ठाऊक असलेली दुसरी व्यक्ती तुमच्याच सहीने नेमलेली आणि पुढच्या मुदतवाढीसाठी तुमच्याच सहीची वाट पाहणारी असेल. इतके ओझे कोणत्याही तरुण माणसावर टाकू नये.

आता प्रत्यक्ष मोजमापाकडे वळतो. तुमच्या पत्रात मनाची घालमेल भरपूर आहे; पण त्यांचे मोजमाप बरोबर आहे की चूक, याबद्दल एकही वाक्य नाही. मला सर्वांत जास्त खटकले ते हेच.

जुन्या हिशेबापासून सुरुवात करू. समजा, एक सडपातळ उंदीर ३० ग्रॅमचा आहे आणि तो दिवसाला १२ किलोकॅलरी खर्च करतो. त्याच वेतातला त्याचा लठ्ठ भाऊ ४५ ग्रॅमचा आहे आणि तो दिवसाला साडेतेरा किलोकॅलरी खर्च करतो. दर ग्रॅममागे हिशेब केला तर पहिल्याचा आकडा ०.४ येतो आणि दुसऱ्याचा ०.३, म्हणजे लठ्ठ उंदीर चौथ्या हिश्श्याने काटकसरी दिसतो. प्रत्यक्षात मात्र दोघांत जास्त खर्च करणारा तोच आहे. वाढलेल्या १५ ग्रॅममध्ये बहुतांश चरबी असते, चरबी स्वतः फार थोडी ऊर्जा जाळते, आणि भागाकारात भाजक मात्र तिच्यामुळे फुगतो. त्यामुळे कोणत्याही कारणाने लठ्ठ झालेला उंदीर या हिशेबात मंद चयापचयाचा ठरतो. ही चूक तुमच्या एकट्याची नाही. आमच्या क्षेत्राने ती कित्येक वर्षे केली आणि मीही केली आहे. एकूण खर्च घेऊन, शरीराचे वजन किंवा शक्य असल्यास चरबी आणि चरबीविरहित वस्तुमान वेगवेगळे लक्षात घेऊन अँकोव्हा या संख्याशास्त्रीय पद्धतीने तुलना करावी, हे आज सर्वमान्य झाले आहे. तुमच्या संशोधिकेने तसे केले असेल, तर निदान पद्धतीच्या बाबतीत त्या तुमच्या पुढे आहेत.

म्हणून त्यांचा निष्कर्ष बरोबरच आहे, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि मार्गदर्शक म्हणून तुमचे खरे काम इथून पुढे सुरू होते. त्यांना विचारा, की मोजमाप वजने वेगळी होऊ लागण्याच्या आधी केले की नंतर? ऊर्जाखर्चात फक्त तीन टक्के कमतरता असलेला उंदीर घ्या. दिवसाला १२ किलोकॅलरीमध्ये तीन टक्के म्हणजे ०.३६ किलोकॅलरी. एक ग्रॅम चरबीत सुमारे ९ किलोकॅलरी असतात, म्हणजे हा उंदीर २५ दिवसांत एक ग्रॅम आणि शंभर दिवसांत चार ग्रॅम चरबी साठवेल. उंदराच्या मानाने हा लठ्ठपणा डोळ्यांना दिसणारा आहे. पण त्यामागचा तीन टक्क्यांचा फरक दोन-तीन दिवसांच्या मोजणीत, आठ-दहा उंदरांच्या गटात, सहज निसटतो. नव्या पिंजऱ्यात ठेवलेला उंदीर पहिला दिवसभर बावरलेला असतो, ते वेगळेच. तेव्हा ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही’ यांतले अंतर त्यांच्या संख्येने कितपत भरून काढले आहे, ते पाहायला हवे. खाण्याच्या मोजणीलाही हाच नियम लागू आहे. उंदीर दिवसाला साधारण तीन ग्रॅम खातो. त्याचे तीन टक्के म्हणजे जेमतेम ०.१ ग्रॅम, आणि तेवढा भुगा तर तो कुरतडताना पिंजऱ्याच्या तळाशी सांडतो. तो भुगा कोणी गोळा करून तोलला का?

दुसरा प्रश्न खोलीच्या तापमानाचा. प्राणिगृहे सहसा २० ते २२ अंश सेल्सिअसला ठेवतात, कारण तिथे काम करणाऱ्या माणसांना ते सोयीचे असते. उंदराला मात्र ३० अंशांच्या आसपास सुख वाटते. याचा अर्थ आपले बहुतेक प्रयोग सतत थंडीत कुडकुडणाऱ्या, अंग उबदार ठेवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर ऊर्जा जाळणाऱ्या प्राण्यांवर झालेले आहेत. यूसीपी-१ या प्रथिनाची कथा तुम्हाला माहीत असेलच, तरी या प्रसंगी ती पुन्हा आठवावी. तपकिरी चरबीत उष्णता निर्माण करणारे हे प्रथिन काढून टाकलेले उंदीर थंडी सोसू शकत नाहीत, पण लठ्ठ होत नाहीत, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सर्वांना त्याचे नवल वाटले. पुढे २००९ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी तेच उंदीर ३० अंशांना ठेवले, तेव्हा ते लठ्ठ झाले. दोन्ही निकाल खरे होते. मधल्या बारा वर्षांत कोणी खोटे बोलले नव्हते, फक्त खोली वेगळी होती. तुमच्या जुन्या प्राणिगृहाचे तापमान काय होते आणि आताचे काय आहे, याच्या नोंदी काढून दोघांनी शेजारी ठेवाव्यात. त्याचबरोबर तुलनेच्या गटाला कोणता आहार दिला होता (साध्या धान्याच्या गोळ्या आणि चरबीयुक्त शुद्ध आहार यांची तुलना केल्यास चरबीखेरीज आणखी डझनभर गोष्टी बदलतात), उंदीर एकाच वेतातले होते का, आणि माद्या मोजल्या की फक्त नर, हेही तपासून घ्या. या तपासणीला दोन-तीन महिने पुरतील. तुमच्याकडे आठ आहेत.

ही तपासणी तुम्ही स्वतः करू नका. तुमचा त्यात स्वार्थ आहे, आणि तो नाही असे तुम्ही कितीही प्रामाणिकपणे मानले तरी त्यांना तो दिसत राहणार. केंद्रातील किंवा बाहेरचा एखादा संख्याशास्त्रज्ञ निवडा, दहा वर्षांपूर्वीच्या मूळ नोंदी आणि त्यांच्या नव्या नोंदी दोन्ही त्याच्या हाती द्या, आणि कोणता गट कोणता हे झाकून विश्लेषण करायला सांगा. जुन्या नोंदी त्यांनाही खुल्या करा. त्यांनी मागण्याची वाट पाहू नका, कारण त्या बहुधा मागणार नाहीत.

तुमच्या पत्राच्या ओळींमागे मला आणखी एक भीती दिसते. ‘नुसते जास्त खातात’ या शब्दांत तुमची थोडी निराशा आहे, जणू मंद चयापचय हे विज्ञान आणि जास्त खाणे ही सवय. या बाबतीत आपल्या क्षेत्राचा इतिहास तुमच्या संशोधिकेच्या बाजूने उभा आहे. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेचे डग्लस कोलमन यांनी दोन जातींच्या लठ्ठ उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडले, तेव्हा त्यांपैकी एका जातीचे उंदीर खाणे सोडून उपासमारीने मेले. रक्तातून फिरणारा, भूक शमवणारा एखादा पदार्थ असला पाहिजे आणि एक जात तो बनवू शकत नाही, तर दुसरीला तो जाणवत नाही, असा तर्क त्यांनी १९७३ मध्ये मांडला. लठ्ठपणा म्हणजे मनोनिग्रहाचा अभाव, असे मानणाऱ्या त्या काळात तो सहजासहजी कोणाला पटला नाही. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या भूक शमवणाऱ्या संप्रेरकाचे जनुक शोधले आणि कोलमन यांचा तर्क एकवीस वर्षांनी खरा ठरला. पुढे केंब्रिजमध्ये स्टीफन ओ’राहिली यांच्या गटाला जन्मतः लेप्टिन नसलेली, एकमेकांच्या नात्यातली दोन मुले आढळली. त्यांतली आठ वर्षांची मुलगी ८६ किलो वजनाची होती. तिला लेप्टिन दिल्यावर वजन उतरले ते मुख्यतः भूक कमी झाल्यामुळे, ऊर्जाखर्च वाढल्यामुळे नव्हे. माणसात एकाच जनुकाच्या दोषाने होणारे जे लठ्ठपणाचे प्रकार आज माहीत आहेत, त्यांतले बहुसंख्य मेंदूतील भुकेच्या यंत्रणेशी निगडित आहेत. तेव्हा तुमचे जनुक खर्चाच्या बाजूचे नसून भुकेच्या बाजूचे निघाले, तर त्याचे महत्त्व कमी होत नाही. माझ्या मते ते वाढते, कारण मग ते मेंदूच्या कोणत्या भागात काम करते, असा प्रश्न समोर येतो आणि नूतनीकरणाच्या अर्जाला पाच वर्षे पुरेल असा विषय मिळतो.

म्हणून अर्जातच हे लिहा. आमचा पूर्वीचा अर्थ असा होता, आमच्याच केंद्रातील सहकाऱ्याने सुधारित पद्धतीने केलेल्या मोजमापातून तो टिकत नसल्याचे दिसते, आणि म्हणून पुढचा प्रश्न हा आहे. परीक्षकांपैकी कोणीतरी दर ग्रॅमचा तो आलेख पाहून आधीच भुवया उंचावल्या असतील. त्यांनी विचारण्याआधी तुम्ही सांगितलेले बरे. अनुदान हुकण्याचा धोका यात आहे, हे मी नाकारत नाही. जुना शोधनिबंध मागे घेण्याची मात्र गरज नाही. नोंदी खऱ्या आहेत, अर्थ चुकला आहे. नव्या लेखात हे स्पष्ट म्हणावे आणि जुन्या नियतकालिकाच्या संपादकांना दुरुस्तीची टीप पाठवावी. ती टीप तुम्ही लिहा, त्यांना लिहायला लावू नका.

नव्या लेखावर तुमचे नाव असावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण प्रश्न येणारच. उंदरांची जात तुम्ही निर्माण केली आहे आणि जुन्या नोंदीही तुमच्या आहेत, म्हणून तुमचे नाव राहणे योग्य आहे. पण पहिले नाव त्यांचे आणि पत्रव्यवहाराची जबाबदारीही त्यांचीच असावी, आणि शेवटच्या जागेवर तुम्ही बसू नये. आपल्या क्षेत्रात शेवटचे नाव म्हणजे प्रयोगशाळेचा मालक, हे सर्वांना ठाऊक आहे. सहा तरुणांपैकी एकालाही अनुदान का मिळाले नाही, याचे उत्तर मला वाटते तिथेच आहे. चार वर्षांतल्या केंद्राच्या शोधनिबंधांची यादी काढा आणि त्यांतल्या किती लेखांच्या शेवटी तुमचे नाव आहे ते मोजा. अर्ज वाचणारा परीक्षक हीच मोजणी करतो आणि ठरवतो, की हा प्रश्न या तरुणाचा नसून संचालकांचा आहे. अमेरिकेत जैववैद्यकीय संशोधन केंद्रांना सरकारी अनुदान देणारी कोब्रे नावाची एक योजना आहे, तिच्यातली एक कल्पना मला नेहमीच शहाणपणाची वाटली आहे : तरुण संशोधकाने केंद्राच्या पैशांवर काम सुरू करायचे, आणि स्वतःचे मोठे अनुदान मिळताच केंद्राच्या आधारातून बाहेर पडून जागा दुसऱ्यासाठी मोकळी करायची. तिथे केंद्राचे यश बाहेर पडलेल्यांच्या संख्येवर ठरते. तुमच्याकडे बाहेर पडण्याची वाट आखलेलीच दिसत नाही.

श्रेयाच्या बाबतीत हलगर्जीपणा झाला तर तो किती काळ सलतो, हेही ध्यानात असू द्या. आज वजन घटवणारी म्हणून गाजणारी औषधे ज्या जीएलपी-१ या संप्रेरकावर आधारलेली आहेत, त्याचे क्रियाशील रूप ओळखण्यात १९८० च्या दशकात स्वेतलाना मॉयसोव्ह यांचा मोठा वाटा होता. पेटंटवर आपले नाव लागावे यासाठी त्यांना वकिलामार्फत झगडावे लागले, आणि लास्कर या वैद्यकीय संशोधनातील मानाच्या पुरस्कारात त्यांचा सहभाग झाला तो २०२४ मध्ये.

मी हे उपदेशाच्या आवेशात लिहीत नाही. माझ्याही प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने माझ्या आवडत्या कल्पनेविरुद्ध जाणारा निकाल आणला होता. मी त्याला नाही म्हटले नाही. आणखी एक प्रयोग करून पाहा, असे म्हटले, आणि तो झाला की आणखी एक. प्रत्येक सूचना शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होती. दीड वर्ष गेले, दुसऱ्या एका गटाने तेच प्रसिद्ध केले, आणि तो विद्यार्थी संशोधन सोडून गेला. म्हणून वर सांगितलेल्या तपासणीला आजच तारीख घाला. अमुक दिवशी संख्याशास्त्रज्ञाचा अहवाल येईल, आणि तो काहीही असला तरी त्यानंतर दोन महिन्यांत लेख पाठवला जाईल, हे लेखी द्या. तारीख नसलेली काळजी ही दिरंगाईच असते, आणि ती करणाऱ्यालाच ती ओळखू येत नाही.

त्यांना दुसरा मार्गदर्शकही हवा, आणि तो तुमच्या हाताखालचा नसावा. जो नेमणूक वाढवतो, अर्जावर शिफारस लिहितो आणि प्राणिगृहातली जागा वाटतो, त्याच्याजवळ कोणीही आपली शंका मोकळेपणाने बोलत नाही. सहाही जणांना केंद्राबाहेरचा एकेक ज्येष्ठ सहकारी नेमून द्या, त्यांच्यात काय बोलणे होते ते विचारू नका, आणि तुमच्याकडे फक्त वर्षातून दोनदा, आधी ठरवलेल्या वेळी, त्यांच्या कामाचा आराखडा येऊ द्या. ओ’राहिली यांच्याकडे तरुण डॉक्टर म्हणून आलेल्या सदफ फारुकी लेप्टिन उपचारांच्या १९९९ च्या लेखाच्या पहिल्या लेखिका होत्या, आणि पुढे त्याच केंब्रिजमध्ये त्यांनी स्वतःचा गट उभा केला. ज्येष्ठ जागेवर असताना कनिष्ठाला स्वतंत्र होता येते, याचे हे एक उदाहरण.

निघालेल्या तरुणाबद्दल थोडक्यात. त्याला उंदरांची जोडी द्या आणि नोंदींची प्रतही द्या. मूळ नोंदी केंद्रात राहतील. तो कोणता प्रश्न पुढे नेणार आणि तुम्ही कोणता, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या करा, उंदीर आणि नोंदी हस्तांतरित करण्याचा संस्थांमधला करार वेगळा होईल. दोघे एकाच प्रश्नावर धावणार असाल तर तुम्ही थांबा. तुमच्याकडे केंद्र आहे, त्याच्याकडे सध्या रिकामे टेबल आहे.

बैठकांचे म्हणाल, तर त्यांतल्या निम्म्या टाळता येतील हे तुम्हालाही ठाऊक आहे. संचालकाने स्वतःच्या हातात ठेवण्यासारख्या गोष्टी थोड्या असतात : ऊर्जामापनाची खोली नीट चालते आहे का, तिथल्या यंत्रांची अचूकता नियमित तपासून (कॅलिब्रेशन) त्याची नोंद होते का, प्राणिगृहाचे तापमान कोणी लिहून ठेवते का, आणि संख्याशास्त्रज्ञाचा पगार केंद्राच्या सामाईक खर्चातून निघतो का, की प्रत्येक तरुणाला त्याच्याकडे हात जोडून जावे लागते. नवे महागडे यंत्र घेण्याआधी मी दुसरा संख्याशास्त्रज्ञ नेमेन. तुमचे हे सगळे प्रकरण शेवटी एका चुकीच्या भागाकारातून उभे राहिले आहे.

उद्या त्यांना तुमच्या खोलीत बोलावू नका. तुम्ही त्यांच्या टेबलाशी जा, जुन्या नोंदींच्या फाइल्स सोबत न्या, आणि पहिल्या उंदरापासून दाखवायला सांगा. मध्ये बोलू नका. सांडलेल्या भुग्याचा प्रश्न मात्र विचारा; त्यांनी तो तोललेला असेल, तर पुढचे बोलणे सोपे जाईल.